पोटभरीचं सूप: गाळणी आधी कपाटात ठेवा

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की रात्रीच्या जेवणाला नुसतं सूप करता का, आणि करत असाल तर कुठे अडतं. इतके मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की बरेचसे प्रश्न एकत्र करावे लागलेत, नावं काढून फक्त गावं ठेवलीत. बोलतोय ते शाकाहारी सूपबद्दल, आणि तेही हॉटेलात जेवणाआधी येणाऱ्या वाटीभर सूपबद्दल नाही, जे पिऊन, खरं तर खाऊन, माणूस तृप्त होऊन उठला पाहिजे त्या सूपबद्दल.

डोंबिवलीहून: ताई, ऑफिसमधून यायला आठ वाजतात, पोळ्या लाटायचा जाम कंटाळा येतो म्हणून आठवड्यातून दोनदा तरी टोमॅटो सूप नाहीतर मिक्स व्हेज सूप करते. नवरा बाऊल संपवतो आणि शांतपणे विचारतो, "हं, आता जेवायला काय?" मुलगा दहा वाजता मॅगी मागतो. आपल्या लोकांचं सूपने पोट भरतच नाही का?

भरतं की, पण पोट भरेल असं आपण त्यात काही ठेवतच नाही. बघा ना, भाज्या उकडतो, मिक्सरमधून काढतो, मग गाळतो, गाळणीत राहिलेला चोथा डस्टबिनमध्ये, आणि आता सूप पातळ झालं म्हणून त्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर कालवून ओततो. म्हणजे फायबर बाहेर गेलं, प्रोटीन मुळात नव्हतंच, आणि दाटपणा दिसतोय तो नुसत्या स्टार्चचा. मॅगी मागणाऱ्या मुलाचं काहीही चुकत नाहीये.

गाळणी कपाटात ठेवा आणि कॉर्नफ्लोअरच्या जागी डाळ आणा. सगळ्यात सोपी लाल मसूर, म्हणजे साल काढलेली केशरी डाळ, तिला भिजवावं लागत नाही आणि कुकर लावला नाही तरी उघड्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत ती विरघळते. चार जणांना एक वाटी डाळ घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, एक मोठा कांदा चिरून चांगला गुलाबी होईपर्यंत परता (इथे घाई करू नका, अर्धी चव इथेच तयार होते), मग चार-पाच लसूण पाकळ्या, एक गाजर, एक छोटा बटाटा, अर्धा चमचा जिरेपूड, थोडं लाल तिखट, डाळ धुऊन घाला आणि सहा वाट्या गरम पाणी. शिजत आलं की एक टोमॅटो चिरून घाला, आणखी दहा मिनिटं, मग मीठ. मिक्सर नको, रवीने अर्धवट घोटा, काही तुकडे दाताखाली आले पाहिजेत, कारण चावावं लागलं की जेवल्यासारखं वाटतं.

तुर्कस्तानात जवळपास हेच सूप घरोघरी आणि ढाब्यांवर मिळतं, मर्जिमेक चोर्बासी म्हणतात, आणि ते लोक वरून बटर तापवून त्यात लाल मिरची आणि सुका पुदिना तडतडवून ओततात, सोबत लिंबाची फोड. म्हणजे वरून फोडणीच की. तुम्ही तुपात जिरं-मिरची केलीत तरी चालेल. 100 ग्रॅम कोरड्या मसुरीत साधारण 24 ग्रॅम प्रोटीन असतं, वाटीत 180 ग्रॅम डाळ धरली तर माणशी दहा-अकरा ग्रॅम झालं, एवढं त्या टोमॅटो सूपच्या चार बाऊलमध्येही येणार नाही. आणि नवऱ्याला सांगा की हेच जेवण आहे, आधी सांगितलं की माणूस दुसरा बाऊल घेतो.

न्यू जर्सीहून: इकडे थंडीत मिनेस्ट्रोनसारखं (भाज्या, कडधान्य आणि पास्ता घातलेलं इटालियन सूप) काहीतरी करावं म्हणून राजमा रात्रभर भिजवला, सकाळी स्लो कुकरमध्ये राजमा, टोमॅटो, गाजर, सेलरी सगळं एकदम टाकून 'लो'वर ठेवलं आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी भाज्यांचा लगदा आणि राजमा टणक. अजून चार तास ठेवला तरी तसाच. राजमा जुना होता का?

जुना असेलही, वर्ष-दोन वर्ष डब्यात पडलेला राजमा शिजायला नखरे करतोच, पण तुमच्याकडे मुख्य घोळ टोमॅटोचा झालाय. आंबट पाण्यात कडधान्याची सालं आणि पेशी मऊ व्हायला खूप वेळ लागतो, म्हणून टोमॅटो, चिंच, कोकम, लिंबू जे काही आंबट असेल ते कडधान्य पूर्ण शिजल्यावरच. जड, म्हणजे क्षारांचं पाणी असेल तरी असंच होतं, तिथे सोड्याची अगदी चिमूट मदत करते. मिठाबद्दल मात्र उगाच भीती आहे, भिजवतानाच्या पाण्यात मीठ घातलं तर उलट सालं मऊ होतात.

पण याहून महत्त्वाचं सांगायचंय आणि ते गंभीरपणे घ्या. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक प्रकारचं प्रोटीन) असतं, त्याने काही तासांतच जोरदार उलट्या-जुलाब होतात. खळखळ उकळीत ते नष्ट होतं, पण स्लो कुकरचं तापमान कधीकधी तिथपर्यंत जातच नाही, आणि कमी आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. त्यामुळे राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास दणकून उकळा, आणि मगच स्लो कुकरचे लाड करा. नाहीतर सरळ आपला प्रेशर कुकर, त्यात हा प्रश्नच येत नाही. टिनमधला राजमा शिजवलेलाच असतो, तो बिनधास्त.

मग मिनेस्ट्रोनचा क्रम असा ठेवा: ऑलिव्ह ऑइलमध्ये कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून मंद आचेवर परता, शिजलेला राजमा त्याच्या पाण्यासकट घाला, टोमॅटो, मग घेवडा किंवा झुकिनी, शेवटच्या दहा मिनिटांत छोटा पास्ता आणि अगदी शेवटी पालक. डावभर राजमा ठेचून परत सोडला की सूप आपोआप दाट होतं. अजून एक, इटालियन रेसिपीत पार्मेझान चीजची साल सूपमध्ये टाका म्हणून सांगतात, चव येतेच, पण खरं पार्मेझान रेनेटने, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या दूध घट्ट करणाऱ्या एन्झाइमने बनतं, तेव्हा शाकाहार पाळत असाल तर ते राहू द्या किंवा पाकिटावर व्हेजिटेरियन रेनेट लिहिलेलं दुसरं चीज बघा.

नाशिकहून: दोन वर्षांपूर्वी नॉनव्हेज सोडलं, कसलीच आठवण येत नाही पण चिकन सूपच्या चवीची येते. व्हेज स्टॉक करायला म्हणून भाज्यांची देठं-सालं फ्रीजरमध्ये साठवते आणि उकळते, तर तो एक तर कडू होतो नाहीतर कोबीच्या वासाचा. काय घालू?

काय घालायचं यापेक्षा काय घालायचं नाही ते आधी. कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, ब्रोकोली यांची देठं स्टॉकमध्ये नकोत, जितकं जास्त उकळाल तितका गंधकाचा वास सुटतो. मेथीची देठं, कारल्याचं काहीही, लिंबाची सालं, हे कडू करणारे. आणि व्हेज स्टॉक तासन् तास उकळायचा नसतो, हाडांना वेळ लागतो, भाज्यांना चाळीस-पंचेचाळीस मिनिटं भरपूर झाली.

आता ती जी 'भरलेली' चव तुम्हाला हवीये तिचं मोठं कारण ग्लुटामेट. टोकियोच्या किकुनाए इकेदा या केमिस्टने 1908 मध्ये कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या स्टॉकमधून ते वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. म्हणजे शोध लागला तोच मुळी शाकाहारी पदार्थातून, चिकनची मक्तेदारी नाहीच त्यावर. आपल्या किचनमध्ये ते पिकलेल्या टोमॅटोत आहे, मशरूममध्ये आहे. सुके शिताके मशरूम आता ऑनलाइन मिळतात, दोन-तीन भिजवून पाण्यासकट टाकले तर फरक कळतो. मशरूम खात नसाल तर टोमॅटो अर्धे चिरून तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा, कांदा साल न काढता उभा अर्धा करून गॅसवर जाळीवर भाजा, लसणाचा अख्खा गड्डा आडवा कापून, कोथिंबिरीची देठं, मिरे, तमालपत्र. आणि मक्याची कणसं! दाणे काढून घेतल्यावर जे बुरकुंड राहतं ते फेकू नका, ते उकळलं की इतका गोडसर आणि छान स्टॉक होतो की त्यातच दाणे घालून सूप करा, दुसरं काही लागत नाही.

आणि खरं सांगू का, आपल्या घरात स्टॉक कायमच होता. पुरणाची डाळ शिजल्यावर वरचं पाणी काढून कटाची आमटी करतो तो स्टॉकच आहे, मटकी-हरभरा उकडल्यावर सिंकमध्ये ओततो तोही. तो ओतू नका एवढं केलंत तरी निम्मं काम झालं. मराठवाड्यातलं कुणी ओळखीचं असेल तर येसर मागून घ्या, भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाला एकत्र दळलेला असतो, दोन चमचे पाण्यात कालवून सूपला लावलं की दाटपणा आणि खमंगपणा दोन्ही एकदम.

नगरहून: माझी आजी पावसाळ्यात हुलग्याचे शेंगोळे, म्हणजे रश्श्यात शिजवलेल्या पिठाच्या वळ्या, करायची, मोठं पातेलं भरून, बाकी काही नसायचं जेवायला. आईने कधी केले नाहीत, त्यामुळे मापं कुणाकडेच नाहीत. हे सूपमध्ये मोडतं का माहीत नाही पण तुम्ही पोटभरीचं म्हणालात म्हणून विचारतोय.

मोडत नसेल तर मोडायला हवं, या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हाच. लोक पास्ता घातलेलं सूप कौतुकाने खातात आणि शेंगोळे म्हटलं की 'गावाकडचं' म्हणतात, याचा मला राग येतो, असो.

चार जणांना दोन वाट्या हुलग्याचं पीठ घ्या. हुलगे खडे निवडून, हलकेच भाजून दळून आणलेले असले तर बेस्ट, तयार पीठही मिळतं. त्यात पाव वाटी ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, नाहीतर वळताना तुटतात. दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, चार-पाच हिरव्या मिरच्या (किंवा लाल तिखट), मूठभर कोथिंबीर जाडसर वाटा, अर्धं वाटण पिठात, अर्धं फोडणीला. पिठात हळद, मीठ, चमचाभर ओवा, चमचाभर तेल, आणि पाणी बेताने घालून घट्ट मळा, सैल झालं की पाण्यात विरघळतात. तळहाताला तेल लावून करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या वळा, कुणी टोकं जोडून कडं करतं, कुणी तशाच सोडतं. पातेल्यात जरा सढळ तेलात मोहरी, हिंग, उरलेलं वाटण, हळद, आणि सात वाट्या पाणी, मीठ. पाण्याला खळखळून उकळी आली की मगच शेंगोळे एकेक करून सोडा आणि पहिली पाचेक मिनिटं डाव घालू नका, वरून शिजून घट्ट झाले की मग हलवा. मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. परातीला चिकटलेलं पीठ वाटीभर पाण्यात कालवून शेवटी त्यात ओता, त्यानेच रस्सा दाट होतो. एक शेंगोळा तोडून बघायचा, मधे पांढरट कच्चं दिसलं तर अजून पाच मिनिटं. वाढताना वरून तूप किंवा कच्चं तेल, आणि कांदा फोडून सोबत.

हुलग्यात 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रोटीन, तेव्हा आजीला बाकी काही करायची गरजच नव्हती. पीठ उरलं तर माडगं करा, भाजलेलं पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, कुणी गूळ घालतं, कुणी लसणाची फोडणी देतं, आजारी माणसाला मस्त. कोकणात आणि गोव्यात हाच हुलगा कुळीथ म्हणून भेटतो आणि तिथे तो शिजवलेल्या पाण्याचं कळण करतात, भातावर घ्या नाहीतर वाटीने प्या.

ठाण्याहून: बीपीची गोळी चालू आहे. पाकिटातलं सूप रोज संध्याकाळी एक चालेल ना? भाज्याच असतात त्यात.

भाज्या असतात, चिमूटभर. पाकीट उलटं करून सोडियमचा आकडा बघा, त्याला अडीचने गुणा की मीठ किती ते कळतं, म्हणजे एका बाऊलला 600 मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर दीड ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि तुमची भाजी, लोणचं, पापड अजून बाकीच आहे. रोज नको. घरच्या सूपमध्ये मीठ शेवटी आणि कमी घाला, वरून लिंबू पिळा, आंबटपणा असला की मीठ कमी पडलेलं जाणवत नाही. बाकी पथ्य तुमच्या डॉक्टरांना विचारून.

पुण्याहून: विचित्र प्रश्न आहे, हसू नका. माझ्या दीड वर्षाच्या मुलीला स्वीट कॉर्न सूप देते, सुरुवातीला छान दाट असतं आणि अर्ध्या बाऊलपर्यंत आलो की पाण्यासारखं पातळ. माझ्या बाऊलमधलं तसंच दाट. तिच्याच बाऊलला काय होतं?

हसले नाही, उलट तुमच्या निरीक्षणाला दाद! तिच्या तोंडातला चमचा परत परत बाऊलमध्ये जातोय, त्याबरोबर लाळ, आणि लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं ज्याचं कामच स्टार्च तोडायचं आहे. कॉर्नफ्लोअरचा दाटपणा सगळा स्टार्चचा, तो तुटला की सूप पातळ. सूप खराब झालेलं नाही, पण त्या बाऊलमधलं उरलेलं परत ठेवू नका. थोडं थोडं वेगळ्या वाटीत काढून भरवा. हाच उद्योग मोठ्यांचाही चालतो बरं का, चव बघितलेला चमचा तसाच पातेल्यात घालतात आणि मग म्हणतात काल दाट होतं आज पाणी कसं झालं. लाल भोपळा नाहीतर दुधी शिजवून घोटून दाट केलेलं सूप एवढं दगा देत नाही, कारण तिथे भाजीचा गरच असतो.

मुलुंडहून: सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, आणि पुढच्या महिन्यात शेजारचं जैन कुटुंब जेवायला येणार आहे. दोघांना चालेल असं एकच सूप सांगा ना, म्हणजे माझं एका पातेल्यात भागेल.

एका पातेल्यात भागेल, पण दोन्हीचे नियम सारखे नाहीत ते लक्षात घ्या. सासूबाईंना कांदा, लसूण आणि बहुतेक वांगं नको, बटाटा-गाजर चालतं. जैन मंडळींना जमिनीखालचं काहीच नको, म्हणजे बटाटा, गाजर, बीट आणि हो, आलंसुद्धा. सुंठ मात्र बऱ्याच घरांत चालते. पर्युषण चालू असेल तर अनेक जण हिरव्या भाज्याही बंद ठेवतात, तेव्हा आधी शेजारी विचारा, त्यांना विचारल्याचं बरंच वाटेल. आणि सूर्यास्तानंतर न जेवणारं घर असेल तर तुमचं 'डिनर' साडेपाचला लावायचं.

बेत असा करा: पाऊण वाटी मूगडाळ, अर्धा दुधी आणि एक कच्चं केळं सोलून, कुकरमध्ये तीन शिट्ट्या. बटाट्याचं काम केळं करतं, दाटपणा येतो आणि चव कुठे जाणवत नाही. घोटून घ्या, तुपात जिरं, भरपूर हिंग, मिरपूड, सुंठ, कढीपत्ता, वरून एक टोमॅटो बारीक चिरून पाच मिनिटं उकळा. कांदा नाही म्हणून कमी काही वाटणार नाही, हिंगाचा हात मात्र आखडता घेऊ नका. हिरव्या भाज्या बंद असतील तर दुधी, केळं, टोमॅटो, कढीपत्ता सगळं वगळून नुसतं मुगाचं कढण करा, प्रश्न मिटला.

छत्रपती संभाजीनगरहून: हॉस्टेलवर एक इंडक्शन आणि एक पातेलं आहे, मिक्सर नाही कुकर नाही. आम्ही दोघं आहोत. काहीतरी सांगा प्लीज, मेसचा कंटाळा आलाय.

अर्धी वाटी मूगडाळ कॉलेजला जाताना पाण्यात टाकून जा. आल्यावर तेलात जिरं, किसलेलं आलं, चिरलेला कांदा (टोमॅटो नंतर), डाळ, चार वाट्या पाणी, मूठभर मटार, वीस मिनिटं, मग तीन चमचे ओट्स आणि टोमॅटो, अजून पाच मिनिटं, मिरपूड, मीठ, लिंबू. चमच्याच्या पाठीने ठेचा. उतू जातं, झाकण पूर्ण लावू नका, नाहीतर इंडक्शन पुसत बसाल.

कोल्हापूरहून: पालक सूप नेहमी शेवाळी रंगाचं होतं, आणि टोमॅटो सूपमध्ये दूध घातलं की फाटतं. हॉटेलवाले काय करतात?

पालकाचं हिरवेपण आंबटपणात मरतं, क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग मळका होतो. झाकण न ठेवता उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि लिंबू पिळायचं असेल तर थेट बाऊलमध्ये. पोटभरीचं हवं असेल तर त्यात शिजलेली मूगडाळ नाहीतर वरून पनीरचे तुकडे घाला, नुसता पालक म्हणजे पुन्हा दहा वाजता मॅगी.

दूध फाटतं तेही आंबटामुळेच. हॉटेलात आधी बटरवर मैदा भाजून त्यात दूध घालून सॉस करतात आणि मग तो टोमॅटोत मिसळतात, पिठामुळे दूध सावरून धरलं जातं. मला विचाराल तर दुधाचा नादच सोडा, आठ-दहा काजू भिजवून वाटा, तेवढ्याने मलईदार होतं आणि फाटायची भानगड नाही.

बेंगळुरूहून: रविवारी मोठं पातेलं भरून सूप करून आठवडाभर पुरवायचं असं ठरवलंय. दोन शंका: गरम सूप मिक्सरला लावलं तेव्हा झाकण उडून छतापर्यंत गेलं, आणि दुसरं म्हणजे फ्रीजमध्ये किती दिवस टिकतं?

भाजलं नाही ना कुठे? गरम सूप फिरवलं की आतली वाफ एकदम फुगते आणि बंद झाकणाला बाहेर ढकलते. आधी कोमट होऊ द्या, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, झाकणावरची छोटी टोपी काढून वर जाड फडकं धरा, आणि आधी हळू स्पीड. ज्या छोट्या जारला वाफ जायला वाटच नसते त्यात गरम काहीही नको. दर आठवड्याला करणार असाल तर हँड ब्लेंडर घ्या, पातेल्यातच काम होतं, शिवाय अर्धवट घोटता येतं.

टिकण्याचं म्हणाल तर केल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. मोठं पातेलं ओट्यावर रात्रभर 'गार होत' ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय, मधलं सूप तासन् तास कोमट राहतं आणि जंतूंना तेच हवं असतं. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा, हलवत राहा, मग पसरट डब्यांत भरा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, म्हणजे आठवडाभर नाही, बुधवारपर्यंतचं खाली ठेवा आणि बाकीचं फ्रीजरमध्ये. डाळीची आणि लाल भोपळ्याची सूप्स फ्रीजरमध्ये छान राहतात. बटाट्याचे तुकडे रवाळ आणि पाणीदार होतात, पास्ता आणि भात सगळं पाणी पिऊन फुगतात, म्हणून ते आयत्या वेळी घाला. डाळीचं सूप दुसऱ्या दिवशी थिजून वरणासारखं घट्ट होतं, गरम पाणी घालून सैल करा आणि खळखळून उकळा, नुसतं कोमट करून खाऊ नका.

लातूरहून: सूपबरोबर ब्रेड खावा लागतो का? आमच्याकडे चांगला ब्रेड मिळत नाही आणि मिळाला तरी वडिलांना चालत नाही.

कुणी सांगितलं लागतो म्हणून? ज्वारीची भाकरी घ्या. कालची उरलेली असेल तर अजूनच चांगली, बाऊलमध्ये कुस्करून वर गरम सूप ओतायचं आणि पाच मिनिटं झाकून ठेवायचं, वडिलांना चावायलाही सोपं. इटलीत टस्कनीमध्ये शेतकरी लोक शिळा पाव, पांढरा घेवडा आणि पालेभाज्या घालून रिबोलिता नावाचं सूप करायचे, आता तेच महागड्या हॉटेलात मिळतं. तुम्ही चवळी आणि शेपू-पालक घालून करा, लसणाची चरचरीत फोडणी द्या. शेपू मात्र बेताचाच, दोन काड्या पुरतात, जास्त झाला की बाकी सगळ्याची चव खाऊन टाकतो.